बारा पानं, एका बाजूनं

थंडर बेच्या कोर्टात, तळमजल्यावर, खिडकी क्रमांक तीन.
माझं काम मोजायचं. वाचायचं नाही.
शपथपत्र बारा पानांचं, बारा पॉइंटच्या टायपात,
ओळींत अंतर दुप्पट, समास चहूबाजूंनी एक इंच,
आणि मजकूर कागदाच्या एकाच बाजूला.
(एकच बाजू. या नियमावर आमच्याकडे आता कुणी हसत नाही.)

लोक काय काय करतात.
समास पोखरतात, उंदरांनी भिंत पोखरावी तसे.
अकराचा टाइप बाराचा म्हणून खपवतात.
नवऱ्याचे एकशेनव्वद मेसेज
फोटो काढून परिशिष्टात कोंबतात,
आणि परिशिष्टालाही मर्यादा आहे म्हटलं
की माझ्याकडे असं बघतात, जसा काही मीच
तो मेसेज रात्री दोन वाजता पाठवला होता.
माझ्याजवळ एक लाकडी पट्टी आहे, आईच्या शिवणाच्या डब्यातली.
तिच्यावर फक्त इंच आहेत.
कोर्टाला चालते.

आर्नी वेस्टरबी फेब्रुवारीत आला, बुटांना बर्फ,
हातात एक्केचाळीस पानं.
नमनालाच घडाभर तेल: लग्नाआधीची मासेमारी,
गोठलेल्या तळ्यावरची झोपडी, तिथं हेल्मीनं पहिल्यांदा
मी म्हटलं, मी वाचत नाही. बारा.
तो म्हणाला, सव्वीस वर्षं पेपर मिलमध्ये होतो.
एकेक रीळ उलगडलं असतं तर
नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत आलं असतं.
आणि मला बारा?
हो, म्हटलं. सगळ्यांनाच.

दुसऱ्यांदा एकोणीस.
कुत्रा गेला होता. सासू गेली होती.
(मी वाचत नाही. पण पानं उलटताना
डोळ्यांवर काही पट्टी बांधलेली नसते.)
तिसऱ्यांदा तेरा, आणि तेराव्यावर नुसती सही.
रांगेतली एक बाई मागून म्हणाली, अहो, घ्या ना.
मी घेतलं नाही.

चौथ्यांदा आला तेव्हा मार्च लागला होता.
पानं सात.
मी दोनदा मोजली,
एकदा नुसत्या बोटानं, एकदा रबरी टोपण घालून.
पाच उरतात, म्हटलं.
माहीत आहे, तो म्हणाला.
ती पाच हेल्मीला देता येतील का?
तिला बारा पुरणार नाहीत.

हे तो रागानं म्हणाला की कसं,
मला अजून ठरवता येत नाही.
मी नियमपुस्तिका उघडली, उगाचच.
पानं उसनी देण्याची सोय
कुठल्याच कलमात नव्हती.
शिक्का मारला. तो गेला.
काउंटरवर त्याच्या हातमोज्यांचं पाणी.

गुरुवारी, खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना, ती.
बारा पानं. मोजून बारा.
पण ओळी दाट,
आणि समास पाऊण इंच,
अक्षर साडेअकराचं.
अठरा वर्षं हे काम केल्यावर
हे पट्टी न लावताही कळतं.
नीट छापलं असतं तर दीड पान जास्त.

शिंप्याकडे माप द्यायला उभं राहावं
तशी ती उभी होती, हात अंगापासून जरा दूर.
पट्टी ड्रॉवरमध्ये होती.
ड्रॉवर तसाही नीट उघडत नाही.

शिक्का मारला.
तारीख कालचीच पडली, फिरवायची राहिली होती,
ती मात्र पेनानं दुरुस्त केली, बाजूला सही केली.

म्हणजे आर्नीची साडेतीन अजून शिल्लक आहेत.
ती कुठल्या फायलीत लावायची
हे मी कुणाला विचारू शकत नाही.